अळिवाच्या खिरीतली पुडी

माय, तू डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर मिळायच्या आधीच निघून गेलीस. ते उत्तर मला काल मिळालं, तेही भोंग्यावरून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात. कालपासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. लोक म्हणतात, वा, छान झालं, आणि चहाचा कप पुढे ओढतात. त्यांचा काय दोष, त्यांना तो प्रश्नच माहीत नाही. तो ध्यानात ठेवलेली माणसं दोनच, तू आणि मी. म्हणून आमचे हे दुकानावर गेल्यावर, आर्णीच्या या घरात दुपारचं सगळं सामसूम झाल्यावर, तुला लिहायला बसले आहे. केसांतली धूळ न्हाऊनसुद्धा पुरती गेलेली नाही. ती कसली धूळ, ते पुढे सांगते.

आधी तुझं एक गाऱ्हाणं करू दे. तू बोलायची नाहीस. घरात बोलायचं काम बाबांचं, आणि ते ते दोघांच्या वाटचं करायचे. तुझं सगळं भुवईवर चालायचं. एक भुवई वर गेली की आम्ही भावंडं ओट्यावरून खाली, दोन्ही गेल्या की थेट परसात. एकदा मी शाळेतून पळून आले होते, पाढे येत नाहीत म्हणून मास्तरांनी उभं केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या आईने कान उपटला असता, निदान चार शब्द सुनावले असते. तू काही न बोलता कापूस वेचायचं फडकं माझ्या कमरेला बांधलंस आणि मला शेतात घेऊन गेलीस. दिवसभर कपाशीच्या ओळींत तू पुढच्या तासात, मी मागच्या तासात. बोटांच्या टोकांना बोंडांचे काटे टोचून टोचून रक्त आलं तरी तू मागे वळून पाहिलं नाहीस. संध्याकाळी घरी आल्यावर बोटांना तेल लावलंस, तेही न बोलता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी शाळेत. अशी तू. आणि तुझ्यासारख्या बाईवर पुढे काय पाळी आली, ते आठवलं की मला अजून हसू येतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी तुझ्याकडे आले ती सातव्या महिन्यात. ओटी भरायचा दिवस ठरला होता, हिरवं लुगडं आणलं होतं, बायकांना निरोप गेले होते. आणि ऐन सकाळी, तू पुरणाची डाळ शिजायला टाकलेली असताना, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. भावाने गावातली जीप आणली. वाटेत घाटंजीच्या दवाखान्यात थांबायलाही सांगितलं नाही कुणी, थेट यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. पोरगी झाली ती दीड किलोलाही कमी. मला ती दाखवली तेव्हा मला वाटलं, ही पुरती झालेलीच नाही, कुणी तरी अर्धवट विणून ठेवली आहे. कानांच्या पाळ्या कागदासारख्या, पाठीवर लव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि तू बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसलीस. डाळ चुलीवर तशीच राहिली होती, ती शेजारणीने उतरवली, असं तू मला कितीतरी दिवसांनी सांगितलंस.

तू येताना पदरात सहाण आणि गुटीची पुरचुंडी बांधून आणली होतीस. आम्हा सगळ्यांना तू त्याच सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून चाटवलेलं. दारावरच्या सिस्टरने ती पुरचुंडी पाहिली आणि तुला अडवलं. चांगली बाई होती, आवाज मात्र करवतीसारखा. तिने सांगितलं, या लेकराच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय वरचं काही जाता कामा नये, गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, आतडी अजून कच्ची आहेत. ती रोज सांगायची. तू रोज मान डोलवायचीस. ती पुरचुंडी तू लिंबाच्या झाडाखाली सोडलीस आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाहीस. बाकीच्या आज्या लपूनछपून मधाचं बोट लावू पाहायच्या, त्यांना तू भुवईने धाक घालायचीस. दवाखान्याचा शब्द तुझ्याइतका कुणीच पाळला नाही. गंमत अशी की पुढे जी चूक झाली, ती हा शब्द पाळण्यातूनच झाली.

मी एका खोलीत बसून दूध काढायची आणि वाटी दारातून आत द्यायची. आत ते नळीने तिच्या पोटात जायचं. तिथल्या सिस्टर त्या दुधात कमी वजनाच्या बाळांसाठीची ताकदीची एक पुडी मिसळायच्या, पण ते ना तुला दिसलं ना मला. माझी आत जायची वेळ ठरलेली, तेव्हा पोरीला उघड्या छातीवर बांधून बसायचं एवढंच काम. ती माझ्या गळ्याखाली श्वास घ्यायची आणि मी माझा रोखून धरायची. तशी ती वाढली, दूध ओढायला शिकली, आणि एक दिवस म्हणाले, घेऊन जा. त्या दिवशी माझ्या छातीत गाठी झालेल्या, ताप चढलेला, मी बाकावर आडवी. सिस्टरने जे काही समजावलं ते तुला. जीवनसत्त्वाचे थेंब तिने तुझ्या डोळ्यांसमोर पोरीच्या गालात सोडून दाखवले. पुड्यांचा डबा मात्र नुसता हातात दिला आणि घाईघाईने सांगितलं, दुधात घालून देत जा, वजन भरेल, डोकं भरेल. मागून कुणी तरी हाक मारली आणि ती गेली.

आता तुझ्या डोक्याने विचार करायचा तर त्यात चुकलं काय? पोरीला वरचं काही द्यायचं नाही, हे तुझ्या मनावर कोरलेलं. थेंब हे औषध, ते दाखवून दिलं, तेव्हा ते चालतं. पण पुडी म्हणजे पीठ, पीठ म्हणजे अन्न, आणि आपल्याकडे तान्ह्या लेकराचं अन्न कुठून जातं? बाळंतिणीच्या तोंडातून. लेकराच्या पोटात वायू झाला तर बाळंतशोपा कोण खातं? लेकराची हाडं भरावीत म्हणून डिंकाचे लाडू कुणाला? लेकराला सर्दी झाली तर लसणाची चटणी कुणाच्या ताटात? तेव्हा दुधात पुडी घालायची म्हणजे दूध जिथे तयार होतं तिथे ती पोहोचवायची, याबद्दल तुझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. तू माझ्या अळिवाच्या खिरीत ती पुडी घालायला सुरुवात केलीस.

ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाज, खाली शेगडी, दाराला तुझं जुनं लुगडं आडवं बांधलेलं. तू वाटी घेऊन येतेस, बाजेच्या कडेला टेकतेस आणि मला आपल्या हाताने भरवतेस. माय, तू मला भरवल्याचं मला आधीचं काहीच आठवत नाही. मोठी मी, तिघं माझ्या मागे, तुला वेळ कुठला होता. आणि आता मी एका पोरीची आई झालेली, आणि तू चमचा माझ्या तोंडाशी धरून बसलेली. खिरीला जरा वेगळी चव यायची, कशी ते सांगता येत नाही, थोडी खारट, थोडी डब्यातल्या दुधासारखी. मला वाटलं अळीव जुने असतील. वाटी पुसून निघेपर्यंत तू हलायची नाहीस. मी म्हटलं पुरे, तर म्हणायचीस, "तुह्यासाठी नाही देऊन राह्यली, तिच्यासाठी खाय." इतकं मोठं वाक्य तुझ्या तोंडून ऐकून मी मुकाट्याने खायची.

तपासणीला गेलो त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, पोरीला उचललं, पुन्हा ठेवलं. काटा जवळजवळ जागेवरच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मात्र चांगली टुकटुकीत झालेली, गाल वर आलेले, पोलक्याचे हूक लागेनात. त्यांनी विचारलं, पुड्या संपल्या का. तू म्हणालीस, संपत आल्या. कशा देता, त्यांनी विचारलं. आणि तू सरळ, अभिमानाने सांगितलंस, "दोन्ही टाइम देतो ना बाई. हिच्या खिरीत घालून. एक टाइम चुकली नाही."

सिस्टरने हातातलं ठेवून तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांच्यासमोर किती पोरं असतील, त्यांची कंबर मोडली असेल, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यांचा राग आला. त्या म्हणाल्या, आजी, ती पुडी या लेकरासाठी होती, आईच्या पोटात गेली तर तिचा लेकराला काडीचा उपयोग नाही. ही वेळेआधी आलेली, तिच्या हाडांची, तिच्या मेंदूची भरायची ही वेळ आहे, ती वेळ परत येत नाही. तुझ्या दोन्ही भुवया जागच्या जागी राहिल्या. मी तुला तशी कधीच पाहिली नव्हती. सिस्टरचं हसू कुठल्या कुठे गेलं. मग तू विचारलंस, अगदी खालच्या आवाजात, "जे दिवस म्या वाया घातले, ते भरून निघतीन का बाई?"

डॉक्टरीणबाई जराशा नरमल्या. म्हणाल्या, "ते आज नाही सांगता येणार, आजी. ती बसेल, चालेल, बोलेल, तेव्हा कळेल." आणि मग, तुला काही तरी करायला द्यावं म्हणून असेल, किंवा सगळ्यांनाच सांगत असतील म्हणून असेल, त्या म्हणाल्या, तिला छातीशी धरा, तिच्याशी बोला. जे करता ते तिला सांगत राहा. तिच्या मेंदूला तेही खाणंच आहे.

तू तिथून उठून घरी आली नाहीस. तू सिस्टरला हाताला धरून बसवलंस आणि म्हणालीस, आता करून दाखव, मग म्या करतो, तू पाय, बरोबर होते का बघ. दूध किती, पुडी किती, किती ढवळायचं, गुठळी राहिली तर काय, उरलं तर ठेवायचं की नाही. तू सगळं तीनतीनदा करवून घेतलंस. सिस्टर आपणहून म्हणाली, माझंच चुकलं आजी, मी त्या दिवशी नीट दाखवायला हवं होतं. घरी आल्यावर चोचीची वाटी उकळत्या पाण्यातून काढायचीस, माझं दूध त्यात, त्यात पुडी, आणि थेंब थेंब करून पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत. पुढे लोहाचे थेंब सुरू झाले, तिची शी काळी झाली, शेजारणी घाबरून आल्या, त्यांना तू सिस्टरच्या थाटात समजावून परत पाठवलंस. काटा हलला. पुढच्या वेळी आणखी हलला. तिच्या मांडीला पहिली वळी पडली तेव्हा तू मला हाक मारून दाखवलीस, जणू तुझ्या शेतात काही तरी उगवून आलं होतं.

पण खरी गंमत बोलण्याची. ज्या बाईने उभ्या जन्मात बाबांना चार वाक्यं सलग ऐकवली नसतील, ती दिवसभर एका मूठभर पोरीशी बोलायला लागली. गप्पा तुला येत नव्हत्या, गाणी येत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जे करता ते सांगा, तर तू तेच करायचीस, शब्दाला शब्द. पोरीला पाठीशी बांधून चुलीपाशी बसायचीस आणि सुरू. "आता म्या पीठ मळून राह्यली. आता पाणी घातलं. पाय, जास्त झालं. आता भाकर थापतो. आता तव्यावर टाकतो, टाकली. आता फुगून राह्यली, फुगली, फुगली, फुटली वं माय." गोठ्यात गेलीस की गोठ्याचं, अंगणात गेलीस की अंगणाचं. सुरुवातीला तुझा आवाज गंजलेल्या कडीसारखा कुरकुरायचा. पुढे पुढे त्याला अशी लय आली की भाऊ बैल सोडता सोडता थांबून ऐकायचा. बाबा म्हणायचे, इतक्या वर्षांचं साचलेलं आहे, आता धरण फुटलं. गावातल्या बायका कामाच्या निमित्ताने येऊन बसायच्या, खरं म्हणजे तुला बोलताना पाहायला. तुला त्याचं काही नव्हतं. तू दिवस भरून काढत होतीस.

मी आर्णीला परत आले तरी तू येत राहिलीस. पिशवीत अळीव आणि तोंडात तेच बोलणं. डोळ्यांचा पडदा तपासला, चांगला निघाला. कान तपासले, चांगले. पोरगी उशिरा बसली, पण बसली. उशिरा उभी राहिली, पण भिंत सोडून चालली तेव्हा आपण दोघींनी तिच्या मागे मागे सगळं घर पालथं घातलं होतं. एक मात्र होईना. ती बोलेना. सगळं समजायचं, म्हटलं वाटी आण, आणायची. तोंडातून मात्र एक शब्द नाही. तुझ्या तोंडाकडे अशी टक लावून पाहत बसायची की पाहणाऱ्याला भीती वाटावी. लोक बोलायला लागले. मुकी निघणार, असं माझ्या तोंडावर सांगून गेलेली माणसंही आहेत, आणि ती अजून माझ्या यादीत आहेत. प्रत्येक वेळी बसमधून उतरलीस की तुझा पहिला प्रश्न, "बोलली का वं?" आणि मी मान हलवली की तू पिशवी खाली ठेवून तिथल्या तिथे सुरू करायचीस, "आता आजी आली. आता चप्पल काढली."

शेवटचं आजारपण तुझं फार चाललं नाही. पोरीला तिसरं वर्ष लागत होतं. तू बाजेवर, तीच बाज, आणि मी तुला भरवत होते. पेज होती. दोन चमचे घेऊन तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तिच्या तोंडचं म्या तुले खाऊ घातलं." मी म्हटलं, माय, कायले बोलतेस असं, थोड्याच दिवसांचं तर होतं. तू चमचा बाजूला सारलास. सगळ्या आयुष्यात जे मोजके शब्द तू मला दिलेस, त्यांतले हे शेवटचे, आणि तेच सगळ्यांत जड. ते घेऊन मी इतकी वर्षं चालते आहे.

आता ऐक. तुझी तेरवी झाल्यावर आम्ही आर्णीला परतलो. चार-सहा आठवडे गेले असतील. मी ओट्यापाशी उभी, पोरगी खाली मांडी घालून रिकाम्या डब्यात वाटी आपटते आहे. घरात तुझ्या बोलण्याची सवय झालेली, ते नाही म्हणून घर नुसतं खायला उठलेलं. आणि खालून आवाज आला, बोबडा पण ठाम, "आता कुकल लावतो." मी वळून पाहिलं. तिने वाटी डब्यावर ठेवली. "लावला. आता शित्ती होते. झाली." मी तिथेच खाली बसले. एक शब्द नाही, दोन शब्द नाहीत, पोरीने पहिल्या दिवशी सरळ वाक्यं काढली, आणि तीही तुझी. लावतो, टाकतो, करतो, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं. शेजारची पुण्याहून आलेली बाई मला म्हणायची, हिला व्याकरण शिकवा. मी म्हटलं, तुम्ही शिकवा, मला हे असंच हवं आहे.

ती जी सुटली ती सुटलीच. शाळेतून दरवर्षी एकच तक्रार, फार बोलते. बाकीच्या आया तोंड पाडून ऐकायच्या, मी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवायची. गणितात ती बेतास बात आहे, लपवत नाही. पण घसरगुंडीवरून पडलेल्या पोराने आधी कुणाला ढकललं होतं, हे हिला बरोबर दिसलेलं असतं आणि ती ते क्रमवार सांगते. पाचवीत गेली तेव्हा तिला घेऊन मी मुद्दाम यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचे केस पिकलेले, चष्मा आलेला. त्यांना आपण आठवत नव्हतो, पण खिरीचं सांगितलं आणि त्या खुर्चीत मागे टेकून हसल्या. त्या वेळी नव्हत्या हसल्या, ती उधारी फेडली. मग म्हणाल्या, तेवढ्या दिवसांवर काही ठरत नसतं, बऱ्याचदा अशी लेकरं उशिरा बोलतात, मी तेव्हा जरा जास्तच बोलले. तुमच्या आईंना सांगा. मी म्हटलं, सांगते. ते आज सांगते आहे.

पण डॉक्टरांच्या सांगण्याने माझं समाधान झालं नव्हतं. ठरत नसतं हे वेगळं, आणि भरून निघालं हे वेगळं. तुला दुसरं हवं होतं.

मध्ये बंदीमुळे शंकरपट, बैलजोड्यांच्या शर्यती, बंद होते, ते पुन्हा सुरू झाले, तशी भावाने एक जोडी तयार केली आहे. खोंडं आहेत, पण पळतात. काल तुझ्या गावच्या पटाला आम्ही सगळे गेलो. शिवारात तुरी कापून झालेल्या, मोकळ्या रानात धावपट्टी आखलेली, दोन्ही अंगांनी माणूसच माणूस. मचाणावर माईक घेऊन बसायला नेरहून एक नावाजलेले गृहस्थ आणले होते. दुपारी त्यांचा घसा बसला, असा की नुसती हवा यायला लागली. जोड्या सुटून राहिल्या आणि सांगायला कुणी नाही. पंचमंडळी एकमेकांकडे पाहायला लागली. भाऊ खालून ओरडला, माझ्या भाचीला द्या. वर कुणी तरी म्हणालं, "पोट्टी काय सांगीन पटाचं?" पोट्टी तोवर शिडी चढून वर गेली होती. अकरावीत आहे, अंगाने अजून काडीच आहे, जन्मापासूनची बारीक ती बारीकच राहिली. तिने माईक हातात घेतला, त्यावर बोट आपटलं, तो चालू आहे का पाहिलं.

आणि माय, भोंग्यातून तू बोलायला लागलीस.

"आता झेंडी वर गेली. आता धुरकऱ्यानं कासरा आवळला. पाय, डावा बैल मान टाकून राह्यला. आता झेंडी पडली. सुटली, सुटली जोडी, उजवा पुढं, डावा ओढून राह्यला, आता बरोबर झाले, आता धूळ उठली, दिसत नाही, दिसले, दिसले, फुगून राह्यले छातीत, गेले, गेले वं माय." शिवार एका दमात ओरडलं. टोप्या उडाल्या. तिला इतक्या लांबून कोणत्या बैलाचं पाऊल आधी पडलं ते दिसत होतं, आणि दिसल्याबरोबर तोंडातून निघत होतं, मध्ये काही अडत नव्हतं. त्या नावाजलेल्या गृहस्थांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः खाली धुळीत बसून ऐकायला लागले. संध्याकाळपर्यंत कुणी तिच्या हातातून माईक घेतला नाही. मामाची जोडी तिसरी आली, ते तिने अजिबात पक्षपात न करता सांगितलं, उलट डाव्या बैलाला चार शब्द ऐकवले. भाऊ रुसून बसला आहे.

बायकांच्या बाजूला तुझी शेजारीण बसलेली, तीच, जिने आपली डाळ उतरवली होती. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही तिला. पहिली जोडी सुटली तशी तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "वं, हे त तुही माय बोलून राह्यली." मी म्हटलं, हाव काकू. आणि मग मी उभी राहिले, पदर खोचला, आणि बायकांच्या घोळक्यातून सगळ्यांत मोठ्याने ओरडले, काय ओरडले ते मलाही आठवत नाही. माझा घसा आज त्या नेरच्या गृहस्थांसारखा झाला आहे. छातीवरचा इतक्या वर्षांचा धोंडा मी काल त्या रानात ठेवून आले. भरून निघाले, माय. तुझे ते दिवस भरून निघाले आणि वर शिग लागली. पुडीने म्हण, थेंबांनी म्हण, तुझ्या बोलण्याने म्हण, की पोरगी मुळातच चिवट म्हणून म्हण, मला त्याची वाटणी करायची नाही. तू प्रश्न विचारला होतास, हे त्याचं उत्तर आहे.

हे पत्र कुठे टाकणार, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पोरीला वाचायला द्यावं असं मघाशी मनात आलं होतं. पण तिच्या हातात आता माईक आहे. पुढच्या पटाला, दोन जोड्यांच्या मधल्या वेळात, तिने खिरीची गोष्ट अख्ख्या तालुक्याला ऐकवली तर काकूंपासून सरपंचापर्यंत सगळे मला हसतील. तेव्हा घडी घालून अळिवाच्या डब्याखाली ठेवते.

डब्यावरून आठवलं. अळिवाची खीर मी अजून दर हिवाळ्यात करते. तुझ्यासारखेच अळीव भिजवते, तोच गूळ, तेच खोबरं, जायफळही तेवढंच. पण तुझ्या हातची ती चव येत नाही, आणि मी सगळ्यांना सांगत असते की मायच्या हाताची गोष्टच वेगळी होती. खरं सांगू का, माय? ती चव पुडीची होती. मला ती फार आवडायची.